चंद्राकाकीनं निवडलेलं पुस्तक

चंद्राकाकीच्या हातात पुस्तक दिलं की ती ते आधी पालथं करते. कव्हर बघत नाही, मागूनच चाळायला लागते. अळंबीचंही तिचं असंच. टोपी कितीही पांढरीशुभ्र असू दे, ती उलटी करणार, खालच्या पापुद्र्यांवरून अंगठा फिरवणार, देठ बघणार, वास घेणार आणि मगच टोपलीत टाकणार. तिला वाचता येत नाही, सही तेवढी करते. पण दोन पुस्तकांतलं कुठलं कामाचं हे तिनं पाच मिनिटांत सांगितलं. आणि मी? बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मी चुकले.

काकी आमच्या शेजारची. कर्जतहून खालापूरकडं येताना रस्त्याच्या डाव्या हाताला आमचं गाव, पुढं भातखाचरं, मागं डोंगर, आणि मधल्या माळावर आता मुंबईवाल्यांची फार्महाऊसं. पन्नाशी ओलांडली असेल तिनं. बारीक, काटक, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. काका गेले त्याला आठ वर्षं झाली. मुलगा ओमकारदादा रसायनीला कंपनीत शिफ्ट करतो. काकी कधी बसलेली दिसत नाही. आई म्हणते, "चंद्रा, बस गं जरा," तर ही म्हणते, "बसून काय अंडी घालू?" बोलायचं तेही चालता चालता, दोरीवरचे कपडे उलटे करता करता.

पावसाळ्यात ती फाट्यावर बसते, तेवढंच काय ते बसणं. आधी शेवळं, मग कंटोळी या रानभाज्या, आणि आषाढ सरता सरता अळंबी, सागाच्या पानात बांधलेली. तिची गिऱ्हाइकं ठरलेली, गाडी थांबवून काच खाली करून विचारणारी, "मावशी, आली का?"

अळंबी येते वाळवीच्या वारुळावर. काकीची पाच वारुळं आहेत. पाच हा आकडाही मला माझ्या आईनं सांगितला, काकीनं कधीच नाही. कारण आमच्याकडं अळंबीची जागा सांगत नाहीत. आणि विचारतही नाहीत. कोणी डोंगराकडून ओटी भरून आलं तर म्हणायचं, "मिळाली का?" बस्स. कुठं हा शब्द काढायचा नाही. जागा फुटली की अळंबी रुसते, पुढच्या वर्षी तिथं उगवत नाही. मी लहानपणी एकदा विचारलं होतं तर आजोबांनी टपली मारली होती.

यंदा आषाढात माळाच्या पलीकडच्या एका बंगल्यावर राखण करणारं जोडपं तिथंच उगवलेली अळंबी खाऊन आजारी पडलं. पाच दिवस दवाखान्यात. बरे होऊन आले बिचारे, पण बोभाटा झाला, अळंबी बाधली. कुठली अळंबी, कुठून काढली, कोणीच विचारलं नाही. फाट्यावर गाड्या हळू व्हायच्या, माणसं पानांकडं बघायची आणि पुढं जायची. त्याचं काकीला फार काही वाटलं नाही. "नाय घेत तर नाय. आमी खाऊ."

पण घरातच खाल्ली नाही ना कोणी.

सुरभी वैनी म्हणजे ओमकारदादाची बायको. शेलूची, तिथल्या नव्या बिल्डिंगमध्ये वाढलेली, स्वभावानं गोड पण घाबरट. तिला पाचवा महिना चालू होता आणि डोहाळे लागले कशाचे तर अळंबीचे! लग्न झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात काकीच्या हातची खाल्ली होती, तीच चव तोंडात बसलेली. काकीला इतका आनंद झाला की ती पहाटेच डोंगरात गेली. ओलं खोबरं वाटून, कांदा घालून केली, ताटात वाढली. वैनी ताटासमोर बसली, बघत राहिली आणि ताट हळूच पुढं सारलं.

"नको आई. खावीशी वाटते पण भीती वाटते."

काकीनं ताट उचललं, मागच्या दारी नेलं आणि उभ्याउभ्या स्वतः खाल्लं. मी तेव्हा तिथंच होते, कुंपणाच्या अलीकडं. माझं तोंड बघून तिनं मान फिरवली. संध्याकाळी आमच्या पडवीत आली.

"समे, तुज्या कालेजात अळंबीचं पुस्तक असंल ना? चित्रांचं?"

"असेल की. कशाला गं?"

"तिला दावाय. छापलेलं बगितलं तर पटंल तिला. माजं तोंडचं काय पटत नाय."

हे ऐकून मला इतकं भरून आलं की मी तिच्यासमोरच फोन काढला आणि जे पहिलं सुंदर दिसलं ते ऑर्डर केलं. दुसरं काही बघितलंच नाही. जाड, परदेशी, प्रत्येक पानावर एवढा मोठा फोटो. खायच्या अळंबीपुढं चमचा, विषारी असेल तर कवटी. मी म्हटलं झालं काम.

तरी कॉलेजात देवेश सरांना सांगितलं. सरांनी कपाटातून एक स्पायरल बाइंडिंगची झेरॉक्स काढली. सह्याद्रीतल्या अळंब्यांवर कोणीतरी हौशी माणसानं केलेली पुस्तिका, साठेक पानं. फोटो असे की निम्मे काळे.

"हे घेऊन जा. दिसायला वाईट आहे पण आपल्याकडचं आहे."

मी घेतलं, पण खरं सांगते, दप्तरात टाकताना मनात म्हटलं, ही काय दाखवायची वस्तू आहे का?

पडवीत दोन्ही पुस्तकं मांडली. काकीनं आधी जाडं घेतलं, पालथं केलं, मागून पानं उलटायला लागली.

"ही कुटली?"

"परदेशातली."

"आनी ही तांबडी?"

"ती पण तिकडचीच."

"आपली कंची यात?"

मी शोधलं. नावांच्या यादीत शोधलं, फोटोंत शोधलं. "आपली नाही वाटतं यात."

"मंग आनलं कशाला? लगीन जुळवायचं हाय का तिकडं?"

वैनी आतून हसली. मला राग आला. म्हटलं, काकी, बाकीच्या तीनशे आहेत ना, बघ तरी फोटो. तर ती म्हणाली, "बाय, आपल्याला जी ठावं हाय ती आदी शोदायची. तिच्याबद्दल काय लिवलंय ते बगायचं. तीच धड नसंल तर बाकीच्यांवर इस्वास कसा ठेवायचा? आनी ही बग, सगळी तोडून पांढऱ्या कापडावर ठेवलीत. कशावर उगवली ते दिसतंय का कुटं?"

मग झेरॉक्स घेतली. चाळता चाळता थांबली. काळपट फोटो, पण वारूळ ओळखू येत होतं, आणि बाजूला अख्खी अळंबी आडवी ठेवलेली, टोपीला मधे टोक, आणि देठाची वीतभर लांब शेपटी जमिनीतून उकरून काढलेली.

"ही बग आपली! शेपटी दावलीय. खनून काडलीय मेल्यानं, पुडच्या साली नाय यायची तितं. पर खरी हाय. काय लिवलंय?"

मी वाचलं. फक्त वाळवीच्या वारुळावर. देठ खोल जमिनीत जातो. गळ्यात कडं नसतं. आणि खाली जाड अक्षरात, केवळ या पुस्तिकेवर विसंबून कोणतीही अळंबी खाऊ नये.

काकी खूश. "शाना मानूस हाय लिवनारा. हे ठेव."

झालं, निवड झाली. पण वैनी झेरॉक्सकडं बघायलाही तयार नव्हती, ते शेवटचं वाक्य ऐकून तर आणखीच घाबरली. तिनं जाडं पुस्तक मांडीवर घेतलं. "समिधा, हे किती छान आहे गं. यात सरळ खूण केलीय, खायची का नाही." मला इतकं बरं वाटलं! मी ते तिच्याकडंच ठेवलं, हवी ती पानं फोनवर काढून घेतली. मला काकीला दाखवून द्यायचं होतं. काय दाखवून द्यायचं होतं कोण जाणे.

चार दिवसांनी कॉलेजातून येताना एका बंद फार्महाऊसच्या फाटकातून लॉनवर नजर गेली. पांढऱ्या मोठ्या अळंब्या, हिरव्यागार गवतात गोल रिंगण करून उभ्या! वॉचमन ओळखीचा, आत शिरले. फोनवर पान उघडलं. टोपी मोठी, जुळली. टोपीवर तपकिरी खवले, जुळले. देठावर वरखाली सरकणारं कडं, सरकवून बघितलं, जुळलं. आणि पुढं चमचा. माझं काळीज नुसतं उड्या मारत होतं. आपली नाही तर नाही, पण अळंबीच ना, आणि छापलेली! काकी जमिनीलगत मोडते तशा मी मोडल्या, ओढणीत बांधल्या आणि पळत सुटले.

काकी लावणीला गेली होती. वैनी एकटीच घरात.

"मिळाली?" वैनी म्हणाली. दोन वर्षांत ती आमच्या गावची पुरती झाली होती, कुठं ते तिनं विचारलं नाही. मी ओढणी सोडली, तिनं पुस्तक आणलं, दोघींनी पुन्हा सगळं जुळवलं. चमच्यावर बोट ठेवून वैनी अशी हसली ना, मला वाटलं काकीला दोन आठवडे जे जमलं नाही ते मी एका दुपारी केलं. ती उठून चिरायलाच बसली. मी घरी आले, हातपाय धुतले, आईला फुशारकीनं सांगणार होते तेवढ्यात हाक.

"समेऽऽ!"

अशी हाक मी काकीच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. धावत गेले. ती मागच्या दारात, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात मी आणलेल्या अळंबीचा टाकून दिलेला देठ.

"ही बांगडी कशाची हाय हिच्या गळ्यात? शेपटी कुटंय हिची?"

"मी मोडली ना, तू मोडतेस तशी..."

"कुटं मिळाली?"

मी गप्प. खरं सांगते, लपवायला नाही. तो शब्द तिच्या तोंडून आला आणि मला काही सुचेनाच.

"कुटं गं, समे!"

"लॉनवर. फार्महाऊसच्या."

काकी आत गेली, चुलीवरची कढई फडक्यानं धरली आणि अख्खी परसात उलटी केली. वैनी भिंतीला टेकून उभी, पांढरी पडलेली. "आई, मी मीठ बघितलं फक्त. आणि... दोन फोडी खाल्ल्या. राहवलं नाही."

"कवा?"

"अर्धा तास झाला असेल."

काकीनं लगेच शेजारच्या दशरथदादाची रिक्षा बोलावली, वैनीला बसवलं, आणि परत मागच्या दारी गेली. मला वाटलं आता कशाला वेळ घालवतेय. तर तिनं तो देठ आणि उरलेली एक अख्खी टोपी सागाच्या पानात गुंडाळली आणि घेऊन आली. कर्जतला पोचेपर्यंत वैनीला दोनदा उलटी झाली. मी तिचा हात धरला होता आणि मीच जास्त रडत होते, शेवटी तीच म्हणाली, "अगं रडू नकोस, मला भीती वाटते."

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, कुठली अळंबी खाल्ली? काकीनं पान उघडून समोर धरलं. "ही. लॉनवरची. दोन फोडी. पाऊन तास झाला." डॉक्टर पान हातात घेऊन म्हणाले, बरं केलंत आणलीत, नाहीतर लोक नुसते अळंबी म्हणतात. सलाईन लावलं, सोनोग्राफीला नेलं. मी जिन्यावरून वर खाली, वर खाली. काकी पण बसेना. बाकड्यापाशी जायची, पदर सारखा करायची, पुन्हा दाराशी. आम्ही दोघी समोरासमोर आलो की मान खाली घालून पुढं जायचो.

मग ओमकारदादाचा फोन आला. शिफ्ट सोडून निघाला होता. इतक्या जोरात बोलत होता की मला पलीकडं ऐकू येत होतं. "किती वेळा सांगितलं आई, ते रानातलं काय काय आणू नको म्हणून! तिला काही झालं ना..."

काकीनं फोन कानापासून लांब धरला. ऐकून घेत राहिली. माझं नाव तिनं घेतलंच नाही! मी दोन हातांच्या अंतरावर उभी आणि माझं तोंड उघडेना. एक, दोन, तीन सेकंद. लाज वाटते लिहायला, पण ते तीन सेकंद गेले. मग मी फोन ओढून घेतला.

"दादा, मी आणली. काकी शेतात होती. मी आणली."

तो मला जे बोलला ते बरोबरच होतं. वैनीनं आतून हाक मारून फोन मागितला. सलाईन लावलेला हात तसाच उचलून म्हणाली, "अहो, ओरडू नका. आई वेळेवर आल्या नसत्या तर मी ताटलीभर खाल्ली असती." आणि मग काकीकडं बघून, "आई, बसा ना इथं." काकी बसली. पलंगाच्या कडेला, वैनीचे पाय मांडीवर घेऊन. फाट्याशिवाय मी पहिल्यांदा तिला इतका वेळ बसलेलं बघितलं.

बाळ ठीक होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं.

ती टोपी मी देवेश सरांकडं नेली. सरांनी ती कागदावर पालथी ठेवली, सकाळी उचलली तर कागदावर हिरवट भुकटी. बीजाणू. "आपल्या वारुळावरचीचे गुलाबीसर पडतात," सर म्हणाले. "ही विषारी, आणि परदेशातल्या त्या खायच्या अळंबीसारखी हुबेहूब. पुस्तक खोटं नाही समिधा, ते दुसऱ्या देशाचं आहे. तिथं जाऊन वापर." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी ते सगळं काकीला सांगायला गेले. माफी मागायची होती, पाठ करून गेले होते. ती अंगणात येरझाऱ्या घालत होती. माझं ऐकलं न ऐकलं आणि म्हणाली, "तिनं तुला इचारलं असतं कुटं मिळाली, तर तू सांगितलं असतंस. लान पोर पन म्हनालं असतं, लॉनवर कुटं वारूळ असतंय? पर इचारायचंच नाय असं आमीच शिकवलं ना तिला."

"काकी, चूक माझी आहे."

"हाय की तुजीच! नाय कुटं म्हनते? पर माजी पन हाय." पुन्हा अंगणाच्या टोकापर्यंत गेली, परत आली. "सासूनं मला जागा दावली, म्हनाली कुनाला सांगू नको. मी ओमकारला नाय सांगितली. उद्या मी मेले तर हिला कोन सांगनार, कंची खायची? ते चमच्याचं पुस्तक?" आणि तिथूनच ओरडली, "सुरभीऽ, तुला बरं वाटलं का मंग जाऊ आपन. हळूहळू चालू."

डॉक्टरांनी आठवडाभर साधं खा म्हणून सांगितलं होतं. तो आठवडा गेल्यावर आम्ही तिघी गेलो. काकीनं माझा फोन घरी ठेवायला लावला. कुठं गेलो ते मी लिहिणार नाही. वैनीला सांगायची ती जागा काकीनं सांगितली, तुम्हाला नाही.

वारूळ आलं तशी काकी वैनीला म्हणाली, "आदी वर बगू नको. खाली बग, माती बग." वैनी खाली बसली, पोट सांभाळत. काकीनं आयुष्यात पहिल्यांदा एक अळंबी काठीनं उकरून काढली, शेपटीसकट, आणि वारुळाला हात लावून काहीतरी पुटपुटली. शेपटी वीतभर नाही, हातभर निघाली. वैनीनं झेरॉक्सचं पान शेजारी धरलं, बराच वेळ इकडं तिकडं बघितलं. मग स्वतः एक मोडली, उलटी केली, अंगठा फिरवला, वास घेतला. टोपली भरत आली तेव्हा तिनं काकीनंच टाकलेली एक बाहेर काढली.

"आई, ही नको. जरा मऊ लागतेय."

काकीनं हुंगली. "ब्येस हाय की गं ही."

"असेल. पण मला नको वाटतेय."

मला वाटलं आता काकीचा पारा चढणार. तीस वर्षं काढतेय ती! पण तिनं ती घेतली आणि झाडीत लांब भिरकावली. "तुज्या मनात आलं ना, मंग टाकायची. असंच करायचं."

त्या दिवशी काकीनं केली आणि एकटीनंच खाल्ली. वैनीनं फक्त बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बघत राहिली, काकी खाचरातून आली, भांडी घासली, सरपण फोडलं, कोणाशी तरी भांडली. मग वैनी फोडणीच्या भांड्यावरचं झाकण उचलून म्हणाली, "काल आणलेली अजून आहे ना, आई? वाढा मला."

मला घरात बसवेना. ती जेवली असेल म्हणून अर्ध्या तासानं गेले, ठीक होती. तासानं गेले, पाय पसरून फोन बघत होती. पुन्हा गेले तर झोपलेली, मी छाती वरखाली होतेय का ते बघून आले. संध्याकाळी चौथ्यांदा गेले तेव्हा ती ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"समिधा, अगं मी बरी आहे. आत ये नाहीतर घरी जा. अशी उंबऱ्यात उभी राहून मला घाबरवू नकोस."

आतून काकीचा आवाज आला, "तिला बी वाढ गं थोडी. तोंडात घास असंल तर गप तरी बसंल."

मी आत गेले.